भजनात आवाज बसतो : पट्टी, रियाज आणि गळ्याची काळजी

सुरंगी
नमस्कार मंडळी. आमच्या महिला भजनी मंडळात मी मुख्य गाते. चाळिशीत होते तेव्हा दोन-दोन तास गायले तरी गळ्याला काही वाटत नसे. आता पन्नाशी उलटली आहे. तिसऱ्या अभंगापासून आवाज खरखरायला लागतो, तार मध्यम (वरच्या सप्तकातला ‘म’) लावताना मान ताठ होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंद्र पंचमावर (खालच्या सप्तकातल्या ‘प’वर) नुसती हवा येते. पूर्वी एक रात्र झोप काढली की सगळं सुरळीत व्हायचं. हल्ली महिनाभर आवाज पूर्ण मोकळा असा झालेलाच नाही.

आमची पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ धरून गातो तो सूर, पेटीची काळी पाच. पेटीवाले काका ती सोडायला तयार नाहीत, आणि मंडळातल्या बायकांनाही पट्टी उतरवणं म्हणजे कमीपणा वाटतो. माझं मत उलट आहे. जो गळा मुख्य गातो, त्याच्याकडे बघून पट्टी ठरावी. पण हे नीट पटवून द्यायला माझ्याकडे शास्त्र नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगा: गाताना गळ्यात नेमकं काय होतं? पट्टीने खरंच एवढा फरक पडतो का? आणि ताक, चिंच, थंड पाणी यांचं पथ्य कितपत पाळायचं?

वीणावादिनी
एक काळी खाली उतरून काळी चारवर या. पहिल्याच बैठकीत फरक कळेल.

पखवाजी
ताई, राग मानू नका, पण भजनाला चढी पट्टी लागतेच. टाळकरी उभे आहेत, पावली चालू आहे, मृदंग कडाडतोय, त्यात उतरलेला आवाज ऐकू कोणाला जाणार? वारकरी चालीत तार सप्तकातला टाहो हाच तर रंग आहे. आमच्या दिंडीत पुरुष काळी तीनवर गातात आणि वर पंचमापर्यंत सहज जातात. गळा तयार करायचा असतो, पट्टी उतरवायची नसते.

खर्जप्रेमी
पखवाजी +१. पहाटे उठून तासभर खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावा. बाकी कशाची गरज नाही. आमच्या गुरुजींनी हेच सांगितलं आणि त्यांचा आवाज सत्तरीतही खणखणीत होता.

डॉ_सह्याद्री
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. सुरंगीताईंचा प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गळ्याच्या पुढच्या भागात हाताला लागणाऱ्या कूर्चेच्या आत, श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन स्वरतंतू आडवे असतात. तंतू म्हणतात खरं, पण त्या स्नायूच्या घड्या आहेत आणि त्यांच्यावर अतिशय मऊ, ओलसर अस्तर आहे. बाईच्या गळ्यात त्यांची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाच्या गळ्यात साधारण दोन. त्या जवळ आल्या की खालून येणारी हवा त्यांना दूर ढकलते, आणि त्यांची लवचिकता व मधून वाहणारी हवा मिळून त्यांना परत जवळ आणते. प्रत्येक कंपनासाठी मेंदू वेगळी आज्ञा देत नाही. मेंदू फक्त ताण आणि जागा ठरवतो, उघडझाप हवेवर चालते.

आता पट्टीचं गणित पाहू. काळी पाचचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण 233 वेळा उघडझाप. तार षड्ज 466. तार पंचमापर्यंत गेलात तर जवळजवळ 700. तोच अभंग काळी चारवर गायलात तर षड्ज 208 च्या आसपास आणि तार पंचम 622 वर येतो. म्हणजे वरच्या सुरावर दर सेकंदाला पंचाहत्तरच्या वर टकरा कमी. शिवाय वर जाताना तंतू ताणून पातळ करावे लागतात आणि मोठा आवाज हवा असेल तर खालून हवेचा दाबही वाढवावा लागतो. उंच आणि मोठा, दोन्ही एकदम, तेही तासभर: मार बसतो तो या जोडीने. खूप वेळ टाळ्या वाजवल्यावर तळहात लाल होतो आणि रोज वाजवल्या तर घट्टा पडतो, तसंच त्या अस्तराचं होतं. आधी सूज, मग जिथे टक्कर सर्वांत जोरात होते तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर लहान गाठी. गाठीमुळे तंतू पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. ताईंनी ‘नुसती हवा येते’ असं लिहिलंय, ते सुजेमुळेही होऊ शकतं, गाठीमुळेही, आणि इतर कारणांनीही. इथे बसून सांगता येणार नाही.

त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो. तीन-चार आठवडे आवाज बसलेला राहिला, तर दुर्बिणीने तपासून घ्यायचाच. गाणाऱ्याने तर त्याच्याही आधी. तंबाखू-विडी असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त असेल, मानेला गाठ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

मोगरा
डॉक्टर, फार छान समजावलंत. पण मग ज्येष्ठमध तोंडात धरला की आवाज सुटतो, हे काय? आमच्याकडे कार्यक्रमाआधी ज्येष्ठमध, खडीसाखर आणि लवंग यांची डबी फिरतेच.

डॉ_सह्याद्री
मोगराताई, आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं आणि त्याचं झाकण मिटतं. अन्न-पाणी मागच्या बाजूने अन्ननलिकेत जातं. स्वरतंतूंपर्यंत ना ज्येष्ठमध पोचतो, ना ताक, ना चिंच. काही लागलंच तर जोराचा ठसका येतो, तीच त्याची खूण. ज्येष्ठमधाने वरचा घसा शांत होतो, लाळ सुटते, खाकरण्याची इच्छा कमी होते. हा फायदा खरा आहे, कारण सारखं खाकरणं हे तंतू एकमेकांवर आपटणंच आहे. पण रोज भरपूर ज्येष्ठमध खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जपून.

पाणी प्यायचं ते दिवसभर, थोडं थोडं. गाण्याच्या आधी घटाघट प्यालेलं पाणी तंतूंपर्यंत लगेच पोचत नाही, ते रक्तावाटे जातं. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथे जाते, म्हणून साध्या पाण्याची वाफ घेतल्यावर बरं वाटतं. त्यात काही घालायची गरज नाही. सर्दीच्या काही गोळ्या नाक कोरडं करतात, तशा घसाही कोरडा करतात. कार्यक्रमाच्या दिवशी त्या विचारूनच घ्या.

पथ्य पाळायचंच तर रात्रीच्या जेवणाचं पाळा. भजन संपतं दहाला, महाप्रसाद अकराला, पोटभर खाऊन लगेच अंथरुणावर. पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरयंत्राचा मागचा भाग भाजतो. छातीत जळजळ होत नसली तरी असं होऊ शकतं. सकाळी आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरावंसं वाटणं, असं असेल तर हेही कारण असू शकतं.

कोकणकन्या
म्हणजे लहानपणापासून आम्हाला चिंचा-बोरं खाऊ दिली नाहीत ती उगाचच! आजीला ही पोस्ट वाचून दाखवते. :)

स्वराली_शिकवते
मी गेली अनेक वर्षं शास्त्रीय संगीत शिकवते. खर्जाबद्दल थोडं. खर्जप्रेमी, खर्जाचा उपयोग मला मान्य आहे, मीही करून घेते. पण ‘तासभर’ आणि ‘बाकी कशाची गरज नाही’ हे मान्य नाही. सकाळी उठल्यावर तंतू किंचित फुगलेले असतात, म्हणून आवाज आपोआप जड आणि खालचा लागतो. त्या वेळी मंद्रातले सूर सहज मिळतात, पहाटेच्या खर्जाला तोच आधार आहे. पण ज्या सुराला आवाज पोचत नाही, तिथे गळा दाबून, हनुवटी छातीला टेकवून घर्रर्र करत बसणं म्हणजे खर्ज नव्हे. आवाज आपल्या वजनाने जिथवर उतरतो तिथे थांबायचं. विद्यार्थ्याला जो मंद्र पंचम लागतच नाही, तो मी मागत नाही.

सुरंगीताई, सध्या तुमच्यासाठी मला हे योग्य वाटतं. बैठकीच्या आधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग मध्य सप्तकात सावकाश पलटे (स्वरांच्या चढत्या-उतरत्या ओळी), आवाज निम्मा. नारळपाण्याची नळी असते ना, ती ओठात धरून त्यातून ‘ऊ’ काढत सा ते प आणि परत. नळीमुळे पुढून हवेचा उलटा दाब येतो आणि तंतू हलके टेकतात, आपटत नाहीत. वाचाउपचारवालेही हा व्यायाम देतात. नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात बोटभर बुडवलं तर बुडबुड्यांवरून श्वास किती समान सुटतोय तेही दिसतं. बैठक संपल्यावरही दोन-तीन मिनिटं असंच करा, एकदम गप्पांना बसू नका. गाण्यानंतरच्या मोठमोठ्याने मारलेल्या गप्पा बऱ्याच जणींचा गळा घालवतात.

आणि मान ताठ होते हे तुम्ही स्वतः ओळखलंत, ते फार महत्त्वाचं आहे. सुराला गळा कमी पडला की मान, जबडा, जीभ मदतीला धावतात. ही मदत नको असते.

अण्णा_चिंचवड
अवांतर: गणपतीतल्या आरत्यांचं काय करायचं? पेटी नसते, पहिली आरती कोणीतरी उत्साहात उचलतो आणि पाचव्या आरतीपर्यंत सूर एवढा चढतो की शेवटी फक्त चिमुरड्या मुली उरतात. अनंत चतुर्दशीनंतर आख्ख्या गल्लीचा आवाज बसलेला.

डॉ_सह्याद्री
अण्णा, अवांतर नाही, याच विषयातलं आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे दाखवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. आपला आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाला की आपण ओरडतो, आणि ओरडतोय हे कळतही नाही. टाळ-झांजांच्या मधोमध उभ्या असलेल्या गायकाचं नेमकं हेच होतं. भजनी मंडळाकडे ध्वनिक्षेपक असेल तर एक लहान स्पीकर गायकाच्या तोंडाकडे वळवून ठेवा. लोकांना ऐकू जाण्याइतकंच गायकाला स्वतःला ऐकू येणं गरजेचं आहे.

फोंडेकरीण
आमच्या गोव्यात वास्कोचा सप्ताह असतो, श्रावणात. दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड भजन. ते एका गळ्यावर चालत नाही, मंडळ्या आळीपाळीने बसतात. तुमच्या मंडळातही दोन अभंग तुम्ही आणि दोन दुसऱ्या कोणी, असं केलं तर? मुख्य गाणारी एकच असली पाहिजे असं कुठे आहे?

सुरंगी
फोंडेकरीण, दुसऱ्या दोघींचे आवाज चांगले आहेत, पण त्याही काळी पाचला घाबरून पुढे येत नाहीत. पट्टी उतरली तर कदाचित त्याही गातील. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जुना_श्रोता
इथे गंगूबाई हनगल यांची आठवण येणं साहजिक आहे. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक आणि उंच आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली उतरला, भरदार झाला, आणि त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याचं एवढं मोठं गाणं उभं केलं. पट्टी बदलल्याने त्यांच्यात कमीपणा आला असं कोण म्हणेल? अल्लादिया खाँसाहेबांचंही तसंच. तरुणपणी आमलेटा संस्थानात अतोनात गावं लागल्याने आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आला नाही. मग त्यांनी आहे त्या आवाजाला साजेल अशी पेचदार लयकारीची गायकी घडवली. तेच पुढे कोल्हापुरात आले आणि महाराष्ट्राला जयपूर-अत्रौली गायकी मिळाली. कुमारजी (गायक कुमार गंधर्व) 1948 मध्ये देवासला गेले ते क्षयामुळे. एक फुप्फुस निकामी झालं. काही वर्षांनी ते परत गायला लागले, तेव्हा त्या गाण्यातले छोटे, अचूक, एकदम उसळणारे स्वरसमूह ऐकून लोक थक्क झाले.

स्वराली_शिकवते
जुना_श्रोता, उदाहरणं अगदी खरी आहेत आणि मलाही ती प्रिय आहेत. पण एक भीती वाटते. अशा गोष्टी ऐकून मुलं म्हणतात, आवाज गेला तर जाऊ दे, नवीन गायकी निघेल. ज्यांचा आवाज गेला आणि गाणंच सुटलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. माझ्या वर्गातली एक फार गुणी मुलगी स्पर्धेच्या आठवड्यात सर्दी असतानाही रोज तीन ठिकाणी गायली. सुजलेल्या गळ्यावर गाणं सर्वांत धोक्याचं. तिला सावरायला बराच काळ लागला.

जुना_श्रोता
मान्य. माझा रोख एवढाच होता की आवाज बदलला की गाणंही त्याच्याप्रमाणे बदलू द्यावं. जुन्या आवाजाच्या मागे धावू नये.

बाराखडी
मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गात नाही, पण वर्गात साठ मुलं आणि शेजारी रस्त्याचं काम. माझ्या तंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया करावी लागेल या भीतीने मी तपासायलाच जात नव्हते. प्रत्यक्षात आधी वाचाउपचार दिले: बोलण्याची पद्धत बदलणं, ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी, वर्गासाठी छोटा ध्वनिवर्धक, मधल्या सुट्टीत मौन. गाठी हळूहळू विरल्या, शस्त्रक्रिया झाली नाही. कोणी भिऊन थांबलं असेल तर थांबू नका, म्हणून लिहिते.

अजून एक. मी ‘आवाजाला विश्रांती’ म्हणून दिवसभर कुजबुजत होते. उपचार करणाऱ्या ताईंनी तेही बंद करायला लावलं. जोर लावून कुजबुजण्यातही गळ्यावर ताण येतोच. गप्प तर पूर्ण गप्प, बोलायचं तर हळू पण खऱ्या आवाजात.

आईचा_लेक
माझा तेरा वर्षांचा मुलगा गातो. आवाज फुटतोय. गाणं बंद करायचं का?

स्वराली_शिकवते
बंद नको, कमी करा. या वयात मुलाचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. तिथे जुनी पट्टी धरून ठेवली तर गळा ओढला जातो. आज जिथे सहज लागतोय तिथे षड्ज धरायचा, उद्या बदलला तर बदलायचा. स्पर्धा वर्षभर बाजूला. ताल, बंदिशी, ऐकणं यांवर भर द्या. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून तो सहसा लक्षात येत नाही.

डेट्रॉइटकर
इथे हिवाळ्यात घरभर हीटर चालू असतो, हवा ठणठणीत कोरडी. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी दरवर्षी कोणाचा ना कोणाचा घसा बसतो. खोलीत हवा दमट ठेवण्याचं यंत्र लावल्यापासून आमच्या घरी तरी फरक आहे. भारतात रात्रभर एसी लावणाऱ्यांनीही विचार करावा.

नाट्यवेडा
पखवाजींच्या मूळ मुद्द्याकडे येतो: उतरलेला आवाज ऐकू कसा जाणार? आपल्या संगीत नाटकांतली मंडळी ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची, ती नुसत्या चढ्या पट्टीने नाही. स्वरतंतूंतून निघणारा आवाज मुळात बारीक भुणभुणीसारखा असतो. त्याला गळा, तोंड आणि जिभेची ठेवण घडवते. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी ऑपेरा गायकांच्या आवाजात सेकंदाला 3000 कंपनांच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका मोजून दाखवला. त्यामुळे तो आवाज आख्ख्या वाद्यवृंदावर उठून ऐकू येतो. माणसाचा कानही त्या पट्ट्यात फार तिखट आहे. म्हणजे आवाज पोचतो तो गोलाईने आणि टोकदारपणाने. नुसता जोर लावला तर आधी गळा थकतो.

याच ओघात: स्वरतंतू चालताना पहिल्यांदा नीट पाहिले ते मान्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या गुरूने. 1854 साली, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि ऊन, एवढ्या सामग्रीवर, स्वतःच्याच घशात. डॉक्टरांनी ही युक्ती नंतर उचलली. गाण्याच्या मास्तराने वैद्यकाला दिलेली ही देणगी मला फार मोलाची वाटते.

पखवाजी
नाट्यवेडा, हे मला नवीन होतं, विचार करतोय. दिंडीतल्या माझ्या मताला मी धरून आहे, तिथे उघड्यावर चालत गायचं असतं आणि गळेही शंभर असतात. पण ताईंची बैठक घरात किंवा देवळात, दहा-बारा बायका, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. तिथे एवढी चढी पट्टी कशाला?

एक व्यावहारिक अडचण सांगतो, जी कोणी लिहिली नाही. काळी पाचचा मृदंग काळी चारला उतरवला तर चामडं ढिलं पडतं, नाद जातो. त्याला काळी चारच्या तोंडाचं वाद्य पाहिजे. मंडळाचा मृदंग काळी पाचचा असेल, तर खरा अडसर तिथे असू शकतो, आणि पेटीवाल्या काकांवर उगाच राग निघायचा.

सुरंगी
पखवाजीदादा, अगदी बरोबर ओळखलंत. आमच्याकडे पखवाज नाही, तबला आहे, आणि तो काळी पाचचाच आहे. काकांना काल विचारलं तर म्हणाले, ‘माझी बोटं आता काळी पाचवरच बसली आहेत, या वयात दुसरीकडे कशी बसवू?’ इतकी वर्षं ते हे बोलले नव्हते, मला त्यांचा हट्टच वाटत होता.

वीणावादिनी
मग स्केल चेंजर पेटी घ्या की! पट्ट्यांचा संच बाजूला सरकवायचा. काकांची बोटं काळी पाचवर, सूर निघेल काळी चारचा. कोणाला काही शिकावं लागणार नाही.

पखवाजी
आणि तबल्याचा नुसता दाया बदलायचा, डग्गा तोच. काळी चारचा दाया तोंडाने जरा मोठा येतो. दुकानात पट्टी सांगून, वाजवून बघून घ्या.

डॉ_सह्याद्री
सुरंगीताई, तुमच्या वयाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पाळी थांबल्यानंतर संप्रेरकं बदलतात, तंतूंचं अस्तर जड आणि कोरडं होऊ शकतं, आणि बऱ्याच जणींचा आवाज थोडा खाली येतो. चाळिशीत जी पट्टी सहज होती, ती आज नसेल तर त्यात रियाजाचा दोष नाही. पट्टीबद्दलचं तुमचं मत योग्यच आहे. मंडळात खुशाल सांगा की डॉक्टरांनीही हेच सांगितलं. मात्र पट्टी उतरवली म्हणून तपासणी टाळू नका. थायरॉइडही तपासून घ्या, ते मंदावलं तरी आवाज जड होतो.

सुरंगी
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घेतली आहे, तोपर्यंत बैठकीत फक्त टाळ धरणार. दोघींपैकी एक या रविवारी गाणार आहे, पेटी शेजारच्या मंडळाकडून मागून आणतोय. डॉक्टर, तपासणीला जाताना काही तयारी?

डॉ_सह्याद्री
पोट जड ठेवून जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर यादी न्या. बैठकीनंतर आवाज बसलेला असताना फोनवर एक मिनिट रेकॉर्ड केलेलं असेल तर ते ऐकवा, कारण दवाखान्यात आवाज नेमका बरा असतो. ‘मी गाते’ हे पहिल्या वाक्यात सांगा. शक्य असेल तिथे स्ट्रोबोस्कोपी मागा. त्यात लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे तंतूंची कंपनं संथ केल्यासारखी दिसतात, साध्या दुर्बिणीत न दिसणारी बारीक सूजही कळते. आणि दुर्बीण आत असताना नुसतं ‘ई’ म्हणून थांबू नका, जो तार मध्यम त्रास देतो तोच लावून दाखवा.